नगरपरिषद शाळेच्या पालकांचे शहरवासीयांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील नगरपरिषदेची पहिली ते चौथीची शाळा पट कमी झाल्याच्या कारणावरून दुसऱ्या शाळेत समायोजित, म्हणजे विलीन, करण्याचे घाटत आहे, हे आम्हा पालकांना दिवाळीच्या सुट्टीनंतर कळले. ती दुसरी शाळा रेल्वे फाटकापलीकडे आहे. आमच्यातील दोघांनी मोटारसायकलच्या आकड्यावर अंतर मोजले, ते पावणेदोन किलोमीटर भरले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्यात वस्तीजवळच्या शाळेची हमी आहे आणि राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी हे अंतर एक किलोमीटर ठरवून दिलेले आहे. फाटक पडले की सहा वर्षांचे मूल रुळांच्या कडेला किती वेळ उभे राहील, याचा हिशेब मात्र कोणत्याही नियमात नाही. तो घरोघरच्या आया करीत आहेत.

पट का घटला, हे प्रामाणिकपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आज शाळेत ६८ मुले आहेत. कायद्याच्या परिशिष्टानुसार ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० मुलांसाठी तीन शिक्षक हवेत. आमच्याकडे दोन शिक्षिका आहेत आणि त्यांतील एकजणी जूनपासून कामगिरीवर दुसऱ्या शाळेत आहेत. उरलेल्या बाई दोन खोल्यांत चार वर्ग सांभाळतात. पहिली-दुसरीच्या खोलीत फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ ओढलेली असते. डावीकडे काना-मात्रेचे शब्द आणि उजवीकडे हातच्याची वजाबाकी. बाई पलीकडच्या खोलीत गेल्या की दुसरीतील एक मुलगी हातात पट्टी घेऊन लहानांना गप्प बसवते. अशा वेळी ज्यांना परवडते ते पालक मूल काढून व्हॅनने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवतात, पट आणखी खाली येतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पद उडण्याची भीती वाढते आणि मग तोच पट शाळा बंद करण्याचे कारण म्हणून आमच्यापुढे ठेवला जातो. त्या बाईंविषयी आमची कोणतीही तक्रार नाही. त्या नसत्या तर शाळा याआधीच बंद पडली असती.

कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ मध्ये राज्यभर मांडला गेला, तेव्हा उदाहरण म्हणून आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे नाव पुढे आले होते. सातपुड्यातील विखुरलेल्या पाड्यांवरच्या मुलांसाठी निवासी सोय करणे आणि भर शहरात, पायी शाळेत येणाऱ्या मुलांची शाळा फाटकापलीकडे नेणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या घडामोडींत आम्हाला आमची स्वतःची चूकही कळली. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. या समितीने तयार केलेला शाळा विकास आराखडा हाच पुढील नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार धरावा, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे किती खोल्या, किती शिक्षक आणि कोणती दुरुस्ती हवी, हे लिहिण्याची लेखणी पालकांच्या हाती दिलेली आहे. आम्ही ती कधी उचललीच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या आयांपुढे समितीची इतिवृत्ताची वही वाचली, तेव्हा सदस्यांच्या यादीत स्वतःचे नाव ऐकून एक आई म्हणाली, “आमले म्हाईतच नव्हतं.” तिच्या नावापुढे तीन बैठकांची हजेरी मांडलेली होती, त्या तिन्ही दिवशी ती पहाटेच्या गाडीने कापूस वेचायला गेलेली होती.

त्या दिवसापासून समितीची बैठक खरोखर भरू लागली आहे. आराखड्याचा मसुदा तयार असून, फेब्रुवारीत नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी तो रीतसर दाखल करावयाचा आहे. समायोजनाविरुद्धची लेखी तक्रारही स्थानिक प्राधिकरणाकडे द्यावयाची आहे. कायद्याप्रमाणे तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो.

यासाठी आम्हाला २४,००० रुपये उभे करावयाचे आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम कशासाठी आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. समितीतील सात आया रोजाने जातात. कुणी वेचणीला, कुणी जिनिंगमध्ये, कुणी दाळ मिलमध्ये. बैठक म्हणजे त्यांचा अर्धा रोज बुडतो. तो दीडशे रुपये धरला तर वर्षाच्या बारा बैठकांचे १२,६०० रुपये होतात आणि ते त्यांना भरून द्यावेत, असे आम्ही ठरवले आहे. ज्या बाईच्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या रोजावर पेटते, तिने मुलाच्या हक्कासाठी उपाशी राहून बैठकीला यावे, अशी अपेक्षा करणे आम्हाला अन्यायाचे वाटते. उरलेल्यांपैकी ६,४०० रुपये माहिती अधिकाराच्या अर्जांचे दहा-दहा रुपयांचे स्टॅम्प, दोन रुपये पानाप्रमाणे मिळणाऱ्या नकला, टंकलेखन आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्या-येण्याचे एसटी भाडे यांसाठी आहेत. ५,००० रुपयांत शहरातील इतर नगरपरिषद शाळांच्या पालकांसाठी मराठी व उर्दू माहितीपत्रक छापावयाचे आहे, कारण त्यांच्याही समित्या कागदावरच असण्याची शक्यता आहे.

छपरावर पत्रे टाकून देण्याची तयारी काही दानशूर व्यापारी बंधूंनी दाखवली, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. तरीही ते पत्रे आम्ही नम्रपणे नाकारले आहेत. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची ओळ आपण सारे वर्षानुवर्षे भरत आलो आहोत. शाळेची इमारत नीट ठेवणे ही नगरपरिषदेची जबाबदारी आहे. ती वर्गणीतून पार पडू लागली की अंदाजपत्रकातून कायमची निघून जाईल. त्याऐवजी त्याच बंधूंनी आराखडा दाखल करण्याच्या दिवशी आमच्याबरोबर नगरपरिषदेत यावे, ही विनंती आहे.

पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. छप्पर व स्वच्छतागृह पाहून दुरुस्तीचा अंदाज लिहून देणारा स्थापत्य अभियंता, तक्रारीचा मसुदा तपासणारे वकील आणि दुसरी शिक्षिका परत येईपर्यंत रोज दोन तास तिसरी-चौथीसोबत बसू शकतील असे निवृत्त शिक्षक यांनी कृपया पुढे यावे. अहिराणी समजणारे शिक्षक मिळाल्यास फारच बरे, कारण पहिलीत येणारी बरीच मुले घरी तीच भाषा बोलतात.

या शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही. राजकीय पक्ष, नगरसेवक किंवा निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या व्यक्ती यांच्याकडूनही देणगी स्वीकारली जाणार नाही. प्रत्येक रकमेची पावती दिली जाईल. देणगी देण्यासाठी किंवा मदतीचे नाव नोंदवण्यासाठी कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर शाळेच्या ओट्यावर यावे. समितीच्या दोन सदस्या पावतीपुस्तक घेऊन तेथे बसलेल्या असतात. जमाखर्च दर महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला जाईल आणि त्याची प्रत शाळेच्या फलकावर लावली जाईल.

आपले विनम्र,
शाळा व्यवस्थापन समितीतील पालक सदस्य