आधी नाली, मग डांबर: प्लॉटिंग कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. संचालक,
विकासक कंपनी, मुख्य कार्यालय,
लातूर

विषय: लेआउटमधील अपूर्ण नाल्या, पाण्याची लाइन व रस्ते, तसेच त्यासाठी मागितलेल्या जादा रकमेबाबत.

महोदय,

लातूर शहराच्या हद्दीलगत आपल्या कंपनीने पाडलेल्या एनए (बिगरशेती) लेआउटमध्ये मी 2023 साली प्लॉट घेतला. रजिस्ट्री झाली, सातबाऱ्यावर नाव लागले, घर बांधून आम्ही राहायलाही आलो. आता आपल्या कार्यालयाकडून सगळ्या प्लॉटधारकांना निरोप आला आहे की दिवाळीपूर्वी रस्त्यांवर डांबर टाकून देतो, त्यासाठी प्रत्येकाने ‘विकास निधी’ म्हणून वेगळी रक्कम भरावी आणि पुढची सगळी जबाबदारी सोसायटी करून स्वतःकडे घ्यावी. या तिन्ही गोष्टींना माझी लेखी हरकत आहे.

आधी डांबराचे बोलतो. रस्ता मिळत असताना हा माणूस आडवा का येतो, असे काही शेजाऱ्यांनाही वाटले. पण त्या रस्त्याच्या पोटात काय आहे ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. फाटकासमोर चर खोदला तेव्हा वर जेमतेम चार बोटे मुरूम निघाला आणि त्याखाली थेट काळी माती, तीत तुरीची धसकटे जशीच्या तशी. म्हणजे रान नांगरून साफ करण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. सोलिंग म्हणजे मोठ्या दगडांचा थर नाही, खडी नाही, रोलर फिरल्याची खूण नाही. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. आपल्या इंजिनिअरलाही ठाऊक असणारच. अशा जमिनीवर रस्ता टिकवायचा तर वरची माती काढावी लागते, चांगला मुरूम पाणी मारून थराथराने दाबावा लागतो, मग खडीकरण, आणि पावसाचे पाणी रस्त्याखाली मुरू नये म्हणून कडेने उताराची नाली. त्यानंतर डांबर. आपण शेवटचे काम पहिले करायला निघाला आहात. तो रस्ता एक पावसाळाही काढणार नाही, आणि पाण्याची लाइन टाकायला तोच पुन्हा फोडावा लागेल.

नाल्यांचे दुखणे रस्त्यापुरते थांबत नाही. मंजूर नकाशात प्रत्येक रस्त्याच्या कडेने नाली दाखवली आहे आणि ती खालच्या अंगाच्या ओढ्याला नेऊन सोडली आहे. जागेवर नाली नाही, आणि ओढ्याकडे जाणारी वाट भराव टाकून बुजवली आहे. त्यामुळे वरच्या अंगाचे सगळे पाणी खालच्या रांगेतल्या घरांत शिरते. सांडपाण्याची लाइन नसल्याने प्रत्येकाने आपापल्या प्लॉटमध्ये शोषखड्डा घेतला. मुरमाड जमिनीत तो चालतोही. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, खड्डा भरतो आणि मैला वर येतो. माझ्या शेजारच्या घरी लहान मूल आहे. त्यांच्या बोअरचे पाणी पावसाळ्यात गढूळ होते, त्याला वास येतो, आणि त्या बोअरपासून हाकेच्या अंतरावर तीन शोषखड्डे आहेत. ती माउली रोज पाणी उकळते. हे मी आपल्या साइटवरच्या माणसाला दाखवले, त्याने फोटो काढून नेले. पुढे काहीच झाले नाही.

पाण्याच्या टाकीबद्दल तर काय लिहावे! ब्रोशरच्या पहिल्याच पानावर तिचे चित्र होते. टाकी उभी आहे, रंगही दिला आहे. खाली उतरणारा पाइप जमिनीपासून हातभर वर संपतो आणि त्याच्या तोंडात कुणीतरी पोत्याचा बोळा कोंबला आहे. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या गावात माणूस प्लॉट घेताना सगळ्यात आधी पाण्याची सोय बघतो. आम्हीही तेच बघून इसार दिला होता. आज टँकर मागवावा लागतो, आणि चिखल झाला की टँकरवाला मुख्य रस्त्यावरूनच परत फिरतो.

आता पैशांचे. रस्ते, पाणी, नाल्या, दिवे हे आपण आमच्यावर करत असलेले उपकार नव्हेत. आपला प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम 2016 मध्ये अंतर्गत विकासकामांची जी व्याख्या आहे, तीत रस्ते, पदपथ, पाणीपुरवठा, सांडपाण्याची व पावसाच्या पाण्याची गटारे, उद्याने, झाडे आणि पथदिवे ही कामे येतात. शेतजमिनीचा भाव आणि आम्ही मोजलेला चौरस फुटाचा भाव यांतल्या फरकात ही कामे धरलेलीच होती. याच कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेतली 70 टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून फक्त जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठी वापरायची असते, आणि ती काढताना काम किती झाले याचा दाखला इंजिनिअर, आर्किटेक्ट व सनदी लेखापालाने द्यायचा असतो. महारेराच्या संकेतस्थळावर आपण भरलेल्या माहितीत रस्ते आणि गटारे पूर्ण झाल्याचे दाखवले आहे. मग तो दाखला कोणत्या इंजिनिअरने, कोणत्या तारखेला आणि काय बघून दिला? त्या दाखल्यांच्या प्रती मला हव्या आहेत. कामे पूर्ण झाली असतील तर विकास निधी कशाचा, आणि झाली नसतील तर तो दाखला कशाचा, याचे उत्तर लेखी द्यावे.

सोसायटी करायला आमची ना नाही. ती लवकर व्हावी असेच आम्हाला वाटते. पण अर्धवट कामे सोसायटीच्या गळ्यात बांधून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. ग्रामपंचायतीत विचारले तर सांगतात, लेआउट ताब्यात दिलेला नाही, आम्ही एक दिवाही लावू शकत नाही. याच कायद्याने प्लॉटधारकांची संघटना ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा पुरवण्याची आणि सांभाळण्याची जबाबदारी विकासकाची आहे. शिवाय कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत कामातली किंवा सेवांतली उणीव लक्षात आणून दिली, तर ती 30 दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यावी लागते. हे पत्र तशी सूचना समजावी.

खुल्या जागेबद्दल एवढेच, की तिथे चुन्याने आखणी केलेली दिसते. ती प्लॉट पाडण्यासाठी असेल तर ताबडतोब थांबवावी. 10 टक्के खुली जागा सोडली म्हणूनच हा लेआउट मंजूर झाला आहे. ती विकायचा अधिकार कंपनीकडे राहिलेला नाही.

माझी मागणी अशी आहे. डांबराचे काम सध्या थांबवावे. ओढ्याची वाट मोकळी करून नाल्या आणि सांडपाण्याची लाइन आधी टाकावी, त्यासोबतच टाकीपासून प्रत्येक प्लॉटपर्यंत पाण्याची लाइन द्यावी. नळ्या टाकून चर नीट दाबून झाल्यावरच मुरूम, खडीकरण आणि शेवटी डांबर. खांबांवर तारा ओढून दिवे सुरू करण्याला या क्रमाची अडचण नाही, ते काम याच महिन्यात होऊ शकते. अंधारात त्या रस्त्याने शिकवणीहून परत येणाऱ्या मुली आहेत. विकास निधीची मागणी लेखी मागे घ्यावी आणि ज्यांनी भीतीपोटी भरला त्यांचा परत करावा.

30 दिवसांत काम सुरू झाले नाही तर मी महारेराकडे कलम 31 खाली तक्रार करणार आहे. रस्ते, पाणी, वीज देण्याच्या बोलीवर प्लॉट विकणे ही ग्राहक कायद्याखालची सेवाच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्ट केले आहे, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मला मोकळा आहे. मंजूर नकाशा, ब्रोशर, पैसे भरल्याच्या पावत्या आणि चराचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपले इंजिनिअर पाहणीला येणार असतील तर कोरड्या दिवशी पाठवू नयेत. चांगला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवावेत. मी आणि खालच्या रांगेतले प्लॉटधारक हजर राहू. तारीख आदल्या दिवशी फोनवर कळवली तरी चालेल.

आपला,
एक प्लॉटधारक
लातूर