खुले पत्र: ‘बार्शी लाइट’च्या गर्डर नसलेल्या पुलांवर आधी खुणा लावा

मा. जिल्हाधिकारी, सोलापूर यांस,
सविनय नमस्कार.

कुर्डुवाडी, बार्शी, मोडनिंब, पंढरपूर, सांगोला या पट्ट्यात ‘बार्शी लाइट’ या जुन्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, रेल्वेचे भराव, मोऱ्या आणि पुलांचे दगडी खांब बघायला मोटारसायकलवर फिरणारे आता बरेच आहेत. आम्हीही त्यातलेच. आपल्याकडे मागणे दोन गोष्टींचे आहे. जिथे पुलाचे गर्डर, म्हणजे लोखंडी तुळया, काढून नेले आणि भराव नाल्याच्या काठावर अचानक संपतो, तिथे धोक्याच्या खुणा लावाव्यात. आणि उरलेले अवशेष कोणाच्या ताब्यात आहेत, याची गावनिहाय यादी तयार करावी. पहिले काम तातडीचे आहे, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

ही लाइन साधी नव्हती. निजामाच्या मुलखातला कापूस आणि धान्य बार्शीच्या पेठेत यायचे आणि तिथून बैलगाड्यांनी ‘बार्शी रोड’ला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1897 मध्ये या दोन ठिकाणांमध्ये 762 मिलिमीटर गेजची (दोन रुळांत तेवढेच अंतर असलेली) 21 मैलांची रेल्वे सुरू केली. कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा हिशेब. लीड्सच्या किटसन कारखान्यातल्या इंजिनांचे वजन जास्त चाकांवर वाटून दिले, म्हणून यार्डाला 30 पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलोचा रूळ पुरला. आज मेन लाइनवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो. पुढे ही लाइन लातूर आणि पंढरपूरला गेली, 1927 मध्ये मिरजेला पोहोचली, 1954 मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि 2000 नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. कॅलथ्रॉप यांनी इथे जे जमवले तेच नंतर इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनवर वापरले गेले. बाहेरचे तंत्र आपल्याकडे आल्याची उदाहरणे पुष्कळ. इथून तिकडे गेल्याची फार थोडी. म्हणून या दगडांची आम्हाला काळजी वाटते.

गाड्या हलक्या, म्हणून भरावही अरुंद. ब्रॉडगेज करताना जिथे वळणे सरळ केली, तिथे जुना भराव बाजूला पडला. त्याच्या माथ्यावरून मोटारसायकल आरामात जाते, शेतकऱ्यांचीही जाते. धोका इथेच आहे. मोरीचे तुळई-गर्डर भंगारात गेले, दोन्ही बाजूंचे दगडी टेकू तेवढे उभे राहिले. काठावर कुसळीचे गवत कमरेएवढे वाढते. संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन डोळ्यावर असते आणि पलीकडचा भराव सलग दिसतो, मधली पोकळी दिसत नाही. काही ठिकाणी शेतात जायला जेसीबीने भराव मधोमध कापला आहे. तिथे खड्ड्याची कड मातीची असल्याने ती चाकाखालीच ढासळते.

अंतराचा हिशेब सोपा आहे. ताशी 35 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण 10 मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर 15 मीटर तिथेच संपले. सुट्या खडीवर किंवा वाळल्या गवतावर थांबायला आणखी 14 मीटर लागतात. म्हणून पहिली खूण काठापासून किमान 30 मीटर अलीकडे हवी आणि ती गवताच्या वर दिसेल इतकी, म्हणजे जमिनीवर दीड मीटर, उंच हवी. जुन्या रुळाचा तुकडा काँक्रीटमध्ये रोवून पिवळा-काळा रंग दिला तरी चालेल, वर परावर्तक पट्टी मात्र हवीच. काठाच्या पाच मीटर अलीकडे दगडमातीचा आडवा बांध घालावा. नुसता पत्र्याचा फलक लावू नये. तो भंगारात जातो आणि खूण आहे या भरवशावर येणारा माणूस फसतो.

बाकीचे धोके स्वाराने स्वतः सांभाळायचे आहेत. ते इथे सांगतो, म्हणजे भरावावर जायच्या परवानगीसोबत द्यायच्या सूचना आपल्या कार्यालयाला नव्याने शोधाव्या लागणार नाहीत. वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये मोडतो आणि टोक आत राहते. ट्यूबला पॅच लावून घाईने चाक बसवले की तेच टोक पुन्हा ट्यूब फोडते. टायरच्या आतून फडके फिरवायचे, ते जिथे अडकेल तिथला काटा पक्कडीने बाहेर ओढायचा, मगच ट्यूब घालायची. पकड वाढावी म्हणून हवा फार कमी करू नये. खडीच्या धारेवर रिम आपटून ट्यूबला दोन समांतर चिरा जातात. पावसानंतर काळी माती पुढच्या मडगार्डात इतकी ठासून भरते की चाक फिरायचेच थांबते, म्हणून रान वाळेपर्यंत भरावावर चढूच नये. सायलेन्सरवर अडकलेले वाळके गवत पेट घेते. थांबल्यावर आधी ते काढावे. कमानीखाली आग्या मोहोळ असते, तिथे इंजिन बंद करून लांबूनच बघावे. चालू रुळांवर विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियमाच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. येडशी-रामलिंगचा भाग अभयारण्याचा, शिवाय शेजारच्या जिल्ह्यातला. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नये.

आता यादीबद्दल. रेल्वेच्या जमिनीचा नकाशा रेल्वेकडे असतो, गावनकाशा भूमी अभिलेखकडे, नाल्यावरच्या मोरीबद्दल ग्रामपंचायत म्हणते आमची नाही. परवानगी कोणाकडे मागायची हे ठरत नाही तोवर नियम पाळणारा बाहेर थांबतो आणि गॅसकटर घेऊन येणारा आत जातो. रेल्वेचा सोलापूर विभाग, भूमी अभिलेख आणि संबंधित तहसीलदार यांची एक संयुक्त पाहणी आपणच लावू शकता. प्रत्येक ठिकाणी अक्षांश-रेखांश, गट क्रमांक, ताबा, दगडकामाची स्थिती आणि गर्डर आहे की नाही, एवढ्या पाच नोंदी पुरेत. शेताच्या कुंपणाला उभे केलेले जुने रूळ दिसले तर तेही टिपावेत. रुळाच्या पोटावर कारखान्याचे नाव आणि साल उठावात असते. खडू आडवा धरून त्यावर फिरवला की गंजातूनही अक्षरे वर येतात. तारेचा ब्रश मारू नये.

शहरातल्या बंद गिरण्यांचा प्रश्न वेगळा. तिथे आम्हाला आत शिरायचे नाही, इतरांनीही शिरू नये. दातेरी छपराचे लोखंडी ताण भंगारासाठी कापले की भिंतींना धरून ठेवणारे काही उरत नाही, आणि बिडाचा खांब वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. तिथे कुंपण आणि छायाचित्रांची नोंद, एवढेच करावे.

वापरात राहिलेली वास्तू टिकते, याचे उदाहरण जिल्ह्याच्या सीमेवरच आहे. उजनीच्या फुगवट्यामुळे मुख्य रेल्वेमार्ग हलवला, तेव्हा कोंढार चिंचोली-डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल रस्त्यासाठी वापरात आला. तो पुढे जर्जर झाला, पण त्याची जबाबदारी कोणाची हे विचारता येते. नॅरोगेजच्या मोऱ्यांबद्दल तेवढेही विचारता येत नाही.

पाहणी मार्च ते मे या काळात व्हावी. ज्वारी निघालेली असते, गवत बसलेले असते, नाले कोरडे असतात, त्यामुळे टेकूंचा पायाही तपासता येतो. उन्हामुळे काम सकाळी दहापर्यंत उरकावे लागेल. वाट दाखवायला, टेप धरायला आणि खुणांचे खड्डे खणायला आम्ही येऊ.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील काही मोटारसायकलस्वार