उन्हात उतरलेला करंट

डंडी, स्कॉटलंड

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुमचा अमॉर्फस (म्हणजे स्फटिकरूप नसलेल्या) सिलिकॉनचा सौर सेल उन्हात ठेवल्यावर त्याचा करंट उतरत गेला, म्हणून तो बिघडला असं धरू नकोस. या मालाचा तो स्वभावच आहे. स्टेबलर आणि व्रॉन्स्की या संशोधकांनी १९७७ साली तो नोंदवला.

स्फटिकात अणूंच्या मांडणीला लांबवर शिस्त असते, ती इथे नसते. अधूनमधून एखाद्या अणूचा चौथा बंध सुटा राहतो आणि इलेक्ट्रॉन तिथे अडकतो. नुसतं बाष्पीभवन करून चढवलेल्या थरात असे बंध इतके असतात की डोपिंग (वाहकता बदलण्यासाठी दुसऱ्या मूलद्रव्याची भेसळ) लागूच पडत नाही. सिलेन या सिलिकॉन-हायड्रोजनच्या वायूच्या प्लाझ्मातून (विजेने आयनित केलेल्या वायूतून) थर चढवला की सुमारे १० टक्के हायड्रोजन आत शिरतो आणि बहुतेक सुटे बंध बुजवतो. म्हणून तर स्पिअर आणि लकोंबर या संशोधकांना १९७५ साली इथे डंडीत फॉस्फीन (फॉस्फरसचा वायू) व डायबोरेन (बोरॉनचा वायू) मिसळून अनुक्रमे एन (जादा इलेक्ट्रॉनचा) आणि पी (इलेक्ट्रॉन कमी असलेला) थर करता आले. उन्हाने कमकुवत बंध तुटून पुन्हा सुटे बंध तयार होतात, आणि करंट उतरतो.

थर तुम्हीच चढवता, तेव्हा तापमान २०० ते २५० अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. फार कमी ठेवलं तर थर सच्छिद्र होतो. ३५० च्या पुढे हायड्रोजन निघून जातो. प्लाझ्माची पॉवर वाढवून घाई केली की चेंबरमध्ये भुकटी धरते, तिचे कण थरात बसतात आणि सेल आतूनच शॉर्ट होतो. पी आणि एन यांच्या मधला, डोपिंग न केलेला आय थर ३०० नॅनोमीटर पुरे, कारण दृश्य प्रकाश हा माल स्फटिकापेक्षा कितीतरी जास्त शोषतो. पी थरानंतर त्याच चेंबरात आय थर चढवलात तर भिंतींवरचा बोरॉन त्यात उतरतो. वेगळा चेंबर नसेल तर मध्ये नीट सफाई हवीच, इथे काटकसर नको.

आय थर वेगळा काचेवर चढवून तपासा: उजेडातली वाहकता अंधारातल्यापेक्षा निदान लाखपट हवी. उतरलेला सेल १५० अंशांवर काही तास अंधारात तापवला की बराचसा सावरतो, पण प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला असेल तर हा प्रयोग करू नका. अहवालात पहिल्या दिवसाचा आकडा एकटा देऊ नकोस. काही शे तासांच्या उजेडानंतरचाही दे.

सिलेन हवा लागताच पेटतो. गळती तपासल्याशिवाय सिलिंडर उघडायचा नाही.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
काका