दहावा प्रश्न

पेडणे, गोवा
१२ सप्टेंबर २०२५

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. गणपतीवर बांधलेल्या माटोळीतली कवंडळाची फळं अजून पडवीच्या कोपऱ्यात पडून आहेत, आई टाकू देत नाही. ‘पोचले’ एवढाच तुझा मेसेज आला, तोही आईच्या फोनवर. बरोबरच आहे. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर तेवढा चढत नाही. शेजारचा मुलगा फोटो काढून तुला पाठवील. वाचायचं नाही असं त्याला बजावलंय. वाचणारच.

फोटोत तुझ्या हातात दिसलेल्या त्या ग्लासाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

आधी तुझ्या नोकरीचं. परवा पेन्शनच्या कामाला पर्वरीला गेलो होतो, तिथे डेपोतले जुने दोघे-तिघे भेटले. मुलगी लंडनला लेक्चरर झाली म्हटल्यावर विचारतात, कसली? म्हटलं, दारूच्या व्यसनाची. तर एक ड्रायव्हर म्हणाला, “गोव्याची मुलगी दारू शिकायला लंडनला कशाला गेली रे? इथं काय कमी पडली?” सगळे हसले, मीही हसलो. मग मात्र मी त्यांना उभ्या उभ्या अर्धा तास सांगितलं. किंग्ज कॉलेजचं व्यसनावरचं ते केंद्र, मानसोपचाराचे डॉक्टर ग्रिफिथ एडवर्ड्स, त्यांनी आणि ग्रॉसनी १९७६ साली लिहिलेला तो लेख, की दारूवर अवलंबून राहणं हा चारित्र्याचा डाग नव्हे, त्याची लक्षणं ठरलेली असतात आणि ती कमी-जास्त प्रमाणात दिसतात. तू मला जेवताना सांगितलेलं सगळं मी तिकिटं फाडावीत तसं फाडून वाटलं. चुकलं असेल थोडं. पण एक लक्षण मी बरोबर सांगितलं, कारण ते मला पुस्तकाआधी ठाऊक होतं.

तू म्हणाली होतीस, माणूस अवलंबून व्हायला लागला की त्याचं पिणं एकसुरी होत जातं. साधा माणूस लग्नात एक पितो, शिगम्यात दोन, सोमवारी काहीच नाही. याचं तसं राहत नाही. वार कुठलाही असो, तीच वेळ, तोच आकडा. बाय, मी पस्तीस वर्षं कदंबात, गोव्याच्या सरकारी बसमध्ये, कंडक्टर होतो. वेळापत्रक माझ्याइतकं कुणाला कळणार? पेडणे-म्हापसा पावणेसातच्या गाडीला तुझा बाबूकाका रोज यायचा, गाडी लागण्याआधी तिठ्यावरच्या बारात पाच मिनिटं जाऊन. पुढे पुढे रविवारीही त्याच वेळी जायचा, रविवारी त्याला कुठेच जायचं नसे. मी गाडीच्या पायरीवरून बघायचो आणि मनात म्हणायचो, बघा, किती नियमित झालाय. नियमित! हा माझा शब्द.

आणि म्हणून तो फोटो बघितल्यावर माझ्या पोटात गोळा आला. बघ, आलंच शेवटी.

मान्य आहे, नेमणुकीची पार्टी होती. सगळ्यांच्या हातात होते. ज्यूस असेल, नाहीतर वाइन असेल, ती तू एक घोट घेऊन ठेवलीही असशील. तू बत्तीस वर्षांची आहेस. हे सगळं मला कळतं. पण तूच मला सांगितलंस ना, जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की या रोगाचा निम्मा धोका रक्तातून येतो? आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, ती बातमी मला कुणी वाचून दाखवली होती? मी नुसतं विचारलं. तू म्हणालीस, “पपा, तुम्ही मला पेशंट समजता का?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बाबूही असंच म्हणायचा.

ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी मोपाच्या विमानतळापर्यंत चालत आलो असतो. तू न जेवता निघालीस. आईने केलेल्या पातोळ्या तशाच राहिल्या.

पण भांडण ग्लासावरून झालंच नव्हतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्याआधी तू विचारलंस की पहिल्या वर्गात बाबूकाकाची गोष्ट सांगू का, नाव न घेता. मी ओरडलो, घरची लाज परमुलखात कशाला? तुझा चेहरा उतरला, आणि मग मीच तो फोटो पुढे केला. विषय बदलायला. कंडक्टरची सवय, सुट्टे नसले की पुढच्या माणसावर खेकसायचं.

तुला जी गोष्ट माहीत आहे ती आजीकडून आलेली. काका पीत होता, देवीसमोर सोडली, नंतर तापाने गेला. पूर्ण मी कधी सांगितली नाही. लहानपणी आम्ही दोघे आबांबरोबर भाटात, आपल्या काजूच्या बागेत, जायचो. बोंडू गोळा करून बी पिळून काढायची, मग कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या कुंडीत, घालून पायांनी तुडवायचे. बाबू तुडवता तुडवता गाणी म्हणायचा, दशावतारातल्या संकासुरासारखा नाचायचा, गुडघ्यापर्यंत चिकट. निरो, तो ताजा रस, गाळून खाली आला की आम्हाला पेलाभर. बाकीचा रस आंबायला ठेवायचा, मग भट्टीवरच्या भाणात चढवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, तो परत काढला की फेणी. दात दुखला, थंडी वाजली, पोटात कळ आली, प्रत्येकाला एकच बाटली. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. आबा स्वतः कधी ओठाला लावत नसत. धंदा तो धंदा. एप्रिलच्या उकाड्यात भट्टीचा वास घराच्या कौलांना लागायचा, तो मृगाच्या पावसापर्यंत जात नसे. आजही कुठून आला की मला बाबूचे ते चिकट पाय दिसतात. असो.

१९९१. देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं ते भटजींनी, पण बाबूला हाताला धरून नेला मी. आजीला वाटलं तो आपणहून गेला. मी त्याला म्हटलं होतं, आज शपथ घेतली नाहीस तर मला भाऊ नाही. त्याने घेतली. आणि पाळली, हे लक्षात ठेव. घरातली प्रत्येक बाटली मी मागच्या न्हाणीत ओतली, किराण्याच्या पसाऱ्यावाल्यापासून बारवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आलो, याला देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके कापत होते की पेजेची वाटी धरवेना. मला बरं वाटलं. म्हटलं, विष बाहेर पडतंय. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मला आबा म्हणून हाक मारली. घाड्याला, त्या मांत्रिकाला, बोलावलं, त्याने काहीतरी उतरवलं, पहाटे आकडी आली. म्हापशाला पोचेपर्यंत उशीर झाला होता.

तेवीस-चोवीस वर्षांनी तू मला एका संध्याकाळी सहज सांगितलंस, पुस्तकातून मान न काढता, की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. आणि त्याला औषध आहे, मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, डॉक्टरच्या नजरेखाली हळूहळू उतरवायचं. तू पुढे बोलत होतीस. मी उठून अंगणात गेलो. तू आईला विचारलंस, पपांना कंटाळा आला का?

म्हणजे बघ, दारूने त्याला किती मारलं आणि मी किती, हा हिशेब माझा जुळत नाही. पूर्वी गाडी डेपोत लागली की पेटीतला पै-पैसा जुळेपर्यंत मी उठत नसे.

आणि हेही लिहितो. बाबू गेला तरी भट्टी बंद झाली नाही. पुढचे अठरा हंगाम पेटली. २००९ साली फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून पेपरात कौतुक छापून आलं, त्याच वर्षी तुझी अकरावीची फी हुर्राकाच्या पैशांतून भरली. तू व्यसनावर शिकलीस ती भट्टीवर शिकलीस. हे तुझ्या विद्यार्थ्यांना सांगायचं तर सांग. नुसता दारुडा काका सांगू नकोस, भट्टीवाला भाऊही सांग.

पदवी घेऊन तू संगत या संस्थेच्या कामाला लागलीस तेव्हा मी कुरकुरलो होतो, आठवतं? सरकारी आरोग्य केंद्रात बसून बेवड्यांशी गप्पा, हा काय पगार? डॉक्टर नव्हेत, साधी शिकलेली माणसं, जास्तीत जास्त चार बैठका. २०१७ मध्ये त्या कामाचा निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन महिन्यांनी बोलणं झालेल्यांत शंभरातले ३६ सावरले, न झालेल्यांत २६. मी म्हटलं, एवढंच? तू म्हणालीस, “पपा, ते दहा कुणाचे तरी भाऊ आहेत.” त्यावर मी काही बोललो नाही, कारण बोलता आलं नसतं.

तिथेच तू शिकलीस ना, सल्ला द्यायचा नाही, विचारायचं? तुला पिण्यातलं काय आवडतं, काय खुपतं, पुढे काय करावंसं वाटतं? समोरच्याच्या तोंडूनच ते येऊ द्यायचं. मला ते जमलं नाही, तेव्हाही नाही, त्या रात्रीही नाही. तरी सांगतो, जेवणाच्या वेळा पाळ. रात्री दोन-दोनपर्यंत जागू नकोस. पार्टीत हातात काहीतरी धरावंच लागत असेल तर लिंबूसोडा धर, कोण बघतंय? दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकणाऱ्याला संध्याकाळी काहीतरी हवंसं वाटतं, आमच्या ड्रायव्हरांचंही असंच सुरू व्हायचं, आधी फक्त पगाराच्या दिवशी, मग नाइट हॉल्टला, मग... हे बघ, परत सुरू झालो. क्षमा कर. तू उपदेश कसा फुकट जातो यावर व्याख्यान देणार आणि मी तुला उपदेश करतोय.

किमतीचं मात्र तुझं पटलं. स्कॉटलंडने २०१८ पासून दारूला किमान दर लावला, त्याखाली विकायचीच नाही, हे तू सांगितलंस तेव्हा मला आमची सावंतवाडीची गाडी आठवली. पत्रादेवीचा नाका जवळ आला की सीटांखाली बाटल्यांचा आवाज व्हायचा, भाजीच्या पिशव्या एकाएकी जड व्हायच्या. इथं स्वस्त, तिथं महाग, एवढ्या एका कारणाने सभ्य माणसं चोरटी झालेली मी बघितली आहेत. हा दाखला वर्गात घे. फुकट देतो.

बाबूची गोष्टही घे. नाव घेतलंस तरी चालेल, बाबू गोव्यात घराघरात आहे. फक्त तो नाचायचा कसा तेही सांग.

आता शेवटचं. पिण्याबद्दलची ती दहा प्रश्नांची तुमची प्रश्नावली, ऑडिट, तू सरावासाठी एकदा माझ्यावर चालवली होतीस. माझे शून्य गुण आले तेव्हा तू पेन खाली ठेवून हसली होतीस. त्यातला दहावा प्रश्न मला पाठ आहे: तुमच्या पिण्याबद्दल नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांपैकी कुणी काळजी व्यक्त केली आहे का? वर्षभरात केली असेल तर चार गुण. म्हणजे या पत्रामुळे तुझ्या नावावर विनाकारण चार चढले. बाकीच्या नवांत शून्य असेल तर चाराने काही बिघडत नाही, धोक्याची खूण आठला आहे, हेही मला पाठ आहे.

आईने सोलं आणि आटवलेला आंब्याचा रस बांधून ठेवलाय, कुणी येणारं असेल तर कळव. तिचा गुडघा ठीक आहे.

तुझा
पपा

ता. क. ग्लासात काय होतं ते कळवायची गरज नाही. कळवलंस तर आईच्या फोनवर नको, माझ्या कळव.