गोट्याचं बॉक्सिंग, बाबांचे डोळे आणि बाकीचं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी इथे वेल्समध्ये मजेत आहे. थंडी आहे पण सहन होते, जेवण व्यवस्थित चाललंय, आणि आई तू म्हणालीस चेहरा उतरलाय तर मी नुकती नाइट करून आले होते आणि खोलीतला तो पिवळा बल्ब आहे ना त्यात कोणीही आजारीच दिसेल. वजन कमी झालेलं नाही, उलट वाढलंय. कामाचं काय सांगू, वॉर्ड तो वॉर्डच, नाशिकला होतं तेच, फक्त लिखापढी जास्त.

एक गोष्ट मात्र मला अजून झेपलेली नाही. इथे आपल्यापुरता चहा करताच येत नाही. म्हणजे तल्लफ आली, उठलात, की आधी अख्ख्या स्टाफला विचारायचं कोणाकोणाला हवाय, आणि नको म्हणणारं कोणी नसतंच. बरं पातेल्यात एकदम उकळून गाळला असं नाही, प्रत्येक कपात वेगळी बॅग, वरून किटलीचं पाणी, आणि दूध थेट फ्रिजमधलं गार! एकीला दूध नावापुरतं, एकाला दोन चमचे साखर, एकजण बॅग काढूच देत नाही, हे सगळं लक्षात ठेवायचं. आणि कोणी तुम्हाला करून दिला की पुढची पाळी तुमची, कुठे लिहिलेलं नसतं पण सगळे मनात हिशोब ठेवून असतात. एक नवीन मुलगी फक्त स्वतःचा कप घेऊन बसली तर कोणी काही बोललं नाही तिला, पण सगळे ज्या पद्धतीने बोलले नाहीत ना, बिचारी दुसऱ्या दिवशी ट्रे घेऊन फिरत होती. आलं नाही, वेलची नाही, आणि मान एवढा!

असो. आता आई, तुझा तो लांबलचक मेसेज. गोट्याला समजाव, बॉक्सिंग सोड म्हणावं, एवढासा जीव, कोणी एक ठोसा दिला तर काय राहील. मावशीनेही तेच कळवलंय. मी समजावणार नाहीये. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पा मारतो तेव्हा तुम्ही सगळे वरून टाळ्या वाजवता, तेव्हा नाही का तो एवढासा असतो?

आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, ऱ्होंडा खोऱ्यातले, मी औषध द्यायला गेले की माझी उंची बघून हसायचे आणि जिमी वाइल्ड नावाच्या जुन्या बॉक्सरच्या गोष्टी सांगायचे. मग मीच सुट्टीच्या दिवशी ट्रेन आणि बस करून जिमीच्या गावाला, टायलर्सटाउनला जाऊन आले. डोंगराच्या कुशीत घरांच्या रांगा, वर खाणीतल्या दगडमातीचे ढीग, 2020 च्या वादळात त्यातला एक ढीग घसरून खाली आला होता. एकटी गेले नव्हते, मैत्रीण होती, काळजी नको.

तर हा जिमी 1892 चा, उंची 5 फूट 2 इंच, आणि वजन म्हणाल तर करिअरभर 49 किलोच्या वर गेला नाही. पोरवयात कोळशाच्या खाणीत, आणि जिथे बाकीचे अडकायचे त्या सांदीत हा सरपटत जायचा. सोळाव्या वर्षी जत्रेतल्या बॉक्सिंगच्या तंबूत उतरला. तिथे गावातला कोणीही आडदांड समोर उभा राहायचा, नव्वद नव्वद किलोचे, आणि हा त्यांना लोळवायचा, लोकांचा विश्वास बसायचा नाही. 18 व्या वर्षी लग्न, सासरा पण बॉक्सिंगवालाच. 1913 मध्ये खाण सोडली. 1916 च्या डिसेंबरात लंडनला झुलू किड नावाच्या अमेरिकेच्या बॉक्सरला अकराव्या राउंडला हरवलं आणि फ्लायवेट या हलक्या वजनगटाचा जगज्जेता झाला, त्या वजनातला जगाने मानलेला पहिला. 'हातात हातोडा असलेलं भूत' म्हणायचे त्याला, दिसायचा पाप्याचं पितर आणि ठोसा असा.

यातलं गोट्यासाठी महत्त्वाचं हे की जिमी वजनाला कपड्यांसकट उभा राहायचा म्हणे, कारण मर्यादेच्या खालीच असायचा. गोट्या मात्र 48 किलोच्या गटात बसायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडतो असं कळलंय (कोणी सांगितलं ते विचारू नका). ते बंद करा. वरच्या गटात हरला तर हरू दे, वाढीच्या वयात उपाशी राहायचं नाही. तुला रागवायचंच असेल तर यावर रागव ना, उंचीवर काय रागावतेस.

आणि मी फक्त गोड गोड सांगतेय असं वाटायला नको. 1921 ला जिमी पीट हर्मनशी खेळला, पीट वजनाने जास्त होता, जिमी खेळणार नाही म्हणाला असता तर चाललं असतं, पण प्रिन्स ऑफ वेल्स बघायला आलेला म्हणून उतरला, सतराव्या राउंडला रेफ्रीने मॅच थांबवेपर्यंत मार खाल्ला. मला विचाराल तर तो शुद्ध हट्ट होता. दोन वर्षांनी न्यूयॉर्कला पांचो व्हियाने सातव्या राउंडला पाडला, ती शेवटची. म्हातारपणी कार्डिफ स्टेशनवर चोरट्यांनी मारहाण केली त्यातून सावरलाच नाही, 1969 ला इथेच एका हॉस्पिटलात वारला. आणि तो पांचो, 23 व्या वर्षी वारला, दातातलं इन्फेक्शन गळ्यात उतरून! बाबा, तुमची ती दाढ दाखवलीत का?

त्या काळी वीस वीस राउंड चालायचे. गोट्याची मॅच तीन राउंडची, डोक्याला हेडगार्ड, रेफ्री लगेच मोजायला लागतो. तरीपण डोक्याला लागलं आणि नंतर डोकं दुखलं, उलटी झाली, जास्त झोप आली तर थेट डॉक्टर, आणि सरांना सांगून प्रॅक्टिस बंद, ते म्हणतील तोपर्यंत. हे मी नर्स म्हणून सांगतेय, ताई म्हणून नाही. ते लाल ग्लोव्ह्ज मीच घेऊन दिलेत त्याला, त्याला ओरडू नकोस, मला ओरड.

पैशाचं, लोनचा हप्ता भरलाय, बाबांच्या मोतीबिंदूचे वेगळे पाठवतेय, पगार झाला की दोन दिवसांत दिसतील. लेन्स चांगली टाका, स्वस्तातली बघत बसू नका. ऑपरेशनला मी हवी होते, माहितीये, सगळ्यांच्या आईवडिलांना ड्रॉप्स घालत असते दिवसभर. रजेचा अर्ज दिला होता, नाही मिळाली. दिवाळीलापण जमेल असं दिसत नाही, तिकीट बघितलं, त्या पैशात दोन हप्ते जातील. पण इथे मराठी लोक आहेत बरेच, फराळ होतो, मी चिवडा करणारे, मजा येते खरंच.

आणि पुण्याचं स्थळ. आई, बायोडेटात तू माझी उंची 5 फूट 3 लिहिलीस? मी चप्पल घालूनसुद्धा 5 फूट 1 आहे. तो मुलगा व्हिडिओ कॉलवर काय मोजणारे, पण कधीतरी समोर उभी राहीनच ना. खरी उंची घाल, मग ते नाही म्हणाले तर म्हणू देत. बोलायला माझी ना नाही, रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला चालेल, पण त्याला आधीच सांग की मी अजून दोन वर्षं तरी परत येत नाहीये. ते लपवू नकोस.

गोट्याला म्हणावं राज्य स्पर्धेचा व्हिडिओ आडवा काढ, उभा नको. ड्रॉप्सचं वेळापत्रक टाइप करून पाठवते, फ्रिजवर चिकटवा.

तुमची,
चिऊ