बुरशीच्या जुन्या पाकिटांचे नुसते छायाचित्र पुरेसे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लंडनच्या क्यू उद्यानातील बुरशीसंग्रहात साडेबारा लाखांहून अधिक वाळवलेले नमुने आहेत आणि त्यांच्या नोंदी जगाला खुल्या करण्याचे मोठे काम तेथे झाले आहे. भारतातही असे ठेवे आहेत. बुरशीतज्ज्ञ एडविन बटलर यांनी १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सुरू केलेला आणि १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला आलेला संग्रह त्यांपैकी एक. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही बुरशीतज्ज्ञ अजरेकरांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे. अशा संग्रहांच्या संगणकीकरणाची चर्चा निघाली की ती बहुधा कॅमेरे आणि स्कॅनर यांच्यापाशीच संपते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट अपुरी वाटते, म्हणून हे पत्र.

बुरशीचा नमुना म्हणजे बहुतेक वेळा घडी घातलेले कागदी पाकीट असते. आत तांबेरा पडलेले एखादे पान किंवा काणीने काळे पडलेले कणीस, आणि वर चिठ्ठीवर यजमान वनस्पती (म्हणजे जिच्यावर बुरशी वाढली ती), गाव, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव. पानावरचे डाग छायाचित्रात दिसतील, पण बुरशीची खरी ओळख बीजाणूंवरून सूक्ष्मदर्शकाखाली पटते. त्यामुळे संगणकावर पाकीट शोधायचे तर चिठ्ठीवरचा मजकूरच कामाला येतो. तो कोणीतरी वाचून, जसाच्या तसा उतरवून घेतल्याशिवाय हजारो छायाचित्रे निव्वळ साठून राहतात.

हे वाचन सोपे नाही. चिठ्ठीवर इंग्रजीत ‘बसीन’ असे लिहिले असेल तर ती आपली वसई असेल किंवा ब्रह्मदेशातील त्याच नावाचे शहर असेल, कारण तेव्हा ब्रह्मदेशही ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. नुसते ‘बॉम्बे’ लिहिलेले असेल तर १९३६ पर्यंत सिंधही मुंबई इलाख्यात होता, हे विसरून चालणार नाही. यजमान पिकाचे नाव कधी शास्त्रीय असते, तर कधी गावात ऐकले तसे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते. बाहेरच्या देशातील एखादा कर्मचारी किंवा संगणकाची आज्ञावली येथे अडखळेल. आपल्याकडचा शेतकी पदवीधर ते एका नजरेत ओळखेल. बुरशीची नावेही बदलत आली आहेत. एकाच बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावे देण्याची मुभा २०१३ पासून संपली. म्हणून नवे नाव नोंदताना जुने पुसू नये. मूळ मजकूर एका रकान्यात आणि आजचा अर्थ दुसऱ्या रकान्यात ठेवावा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. क्यू आणि म्युनिक येथील संग्रहांत जपलेल्या बटाट्याच्या करपाग्रस्त पानांतून डीएनए मिळवून २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले की, एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणारा प्रकार आजवर समजला जात होता त्याहून वेगळा होता. (तो जीव आता खऱ्या बुरशीत मोडत नाही, पण बुरशीच्या संग्रहात राहिला म्हणूनच तो हाती लागला.) आपल्या ज्वारीचेही पाहा. अजरेकरांनी १९२६ साली ज्वारीच्या कणसावरील अरगट या बुरशीजन्य रोगावर निबंध लिहिला. त्यानंतर आफ्रिकेतील अरगटाची वेगळी जात १९९१ मध्ये वर्णिली गेली, १९९५ मध्ये ती ब्राझीलला पोहोचली आणि पुढे भारतातही आढळली. ती आपल्याकडे नेमकी कधी आली, याचा पुरावा एखाद्या जुन्या पाकिटातील कणसात असू शकेल. मात्र ते पाकीट कोणत्या गावचे आणि कोणत्या सालचे, हे आधी कळायला हवे.

मोठ्या संस्थांतील नमुने निदान सुरक्षित तरी आहेत. मला अधिक काळजी वाटते ती महाविद्यालयांतील कपाटांची. एका महाविद्यालयात विभागाची जागा बदलताना बुरशीची पाकिटे जुन्या जर्नलांसोबत रद्दीत गेलेली मी पाहिली आहेत. ती कोणी मुद्दाम फेकली नव्हती. त्यांची यादीच नसल्यामुळे काय जात आहे हे कोणाच्या लक्षातच आले नाही.

माझी विनंती अशी की, राज्यातील कृषी विद्यापीठांनी आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी आपापल्या कपाटांतील पाकिटांची साधी यादी आधी करावी: क्रमांक, यजमान, गाव, तारीख, गोळा करणारा. छायाचित्रे घेतल्यावर चिठ्ठ्या वाचण्याचे काम निवृत्त प्राध्यापक आणि विद्यार्थी घरबसल्या करू शकतील. जुन्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून पाऱ्याचे विषारी क्षार वापरण्याची पद्धत होती, तेव्हा पाकिटे अनेकांच्या हाती न देणेच बरे. प्रत्येक चिठ्ठी दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी आणि मतभेद राहिल्यास जाणकाराने निर्णय द्यावा. असे काम कोणी हाती घेतल्यास वाचनासाठी माझे नाव पहिल्या यादीत धरावे.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा