काठी आडवी धर

भिलवडी,
ऑक्टोबर 2025

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. मुंबईहून सांगलीची गाडी वेळेत मिळाली. आईचा गुडघा प्रवासात धरला होता, आता बरा आहे. आण्णांकडचा विषय मी काढलेला नाही, तूही फोनवर काढू नकोस.

विमानतळावर तू पाया पडलास, पण बोलला नाहीस. रविवार संध्याकाळपासून बुधवारपर्यंत तू माझ्याशी जे बोललास ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. तक्रार नाही. चार माणसांत, तीही तुझ्या मासेमारीच्या क्लबातली, मी तुझ्यावर ओरडलो. आणि तेही तू मॅच हरून आलेल्या दिवशी. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तारांबद्दल यात काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

आधी शनिवारचं. तुमच्या इंग्लंडातल्या इरेवॉश कालव्यावरच्या मॅचला चिठ्ठीत तुला जी जागा आली ती मला चांगली वाटली होती. पलीकडच्या काठाची झुडपं पाण्यावर वाकलेली, त्याखाली रोच मासे असतील असं तू म्हणालास. पावाच्या कापातून इवले इवले गोल कापून तू ते गळाला लावत होतास, काडीच्या गुलाएवढे. बोट गेली की पाणी गढूळ व्हायचं आणि तुझं पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाच तास. शेवटी वजनकाटा घेऊन माणसं आली, तुझे 1 पौंड 3 औंस भरले आणि शेजारच्याचे त्याहून 4 ड्रॅम जास्त. ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग हे तू मला समजावून सांगितलंस. घरी येऊन मी हिशोब केला, चार ड्रॅम म्हणजे सात ग्रॅम होतात. सात ग्रॅमसाठी आपल्याकडे फक्त सोनाराच्या दुकानात जीव खालीवर होतो. तू मात्र हसून त्याच्याशी हात मिळवलास. ते मला फार आवडलं, तेव्हा सांगायचं राहिलं.

त्या संध्याकाळी तू मला ट्रेंट नदीवर, ट्रेंट लॉकला नेलंस. रॅटक्लिफचं वीजकेंद्र लांबून तरी बघायचंय असं मी आल्यापासून म्हणत होतो. ते आठ कूलिंग टॉवर बघून मला कसं वाटलं ते तुला सांगता आलं नाही. 2000 मेगावॉटचं केंद्र, त्या देशातलं कोळशावरचं शेवटचं, 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. ट्रेंटच्या काठी अशी कितीतरी केंद्रं होती आणि त्यांच्या कोमट पाण्यामुळे थंडीतही मासा खायचा, असं तुमच्यातले जुने लोक सांगतात हे तूच म्हणालास. मी उभा राहून टॉवर बघत होतो, तू नदीचं पाणी बघत होतास. केंद्र बंद झालं तरी तारा चालूच आहेत बरं. वीज आता दुसरीकडून येते एवढंच.

बघ, आलाच विषय. असो.

रविवारी ट्रेंटवरच्या मॅचला नदी चढली होती. डर्बीशायरच्या डोंगरात आठवडाभर पाऊस, ते सगळं डर्वेंटमधून ट्रेंटला मिळालेलं, पाणी दुधाच्या चहासारखं. यात तुझा काय दोष? तुझ्या शेजारच्या जागेवर त्या माणसाला तीन ब्रीम लागले, चार-चार पौंडांचे, आणि तुझ्याकडे बोटाएवढा एक पर्च आणि दोन रफ. तुमच्या मासेमारीतला तो बॉब नड चार वेळा जगज्जेता झाला हे तूच मला गाडीत सांगत होतास. 1990, 1991, 1994 आणि 1999. म्हणजे 1995 ते 1998 अशी चार वर्षं त्यालाही दरवेळी कोणी ना कोणी मागे टाकलंच ना?

पण एक सांगू? काटा तुझ्याकडे यायच्या आधीच तू धरलेल्या माशांची जाळी पाण्यात उपडी केलीस, ते मला पटलं नाही. वजन केलंच नाही अशी नोंद तुझ्या नावापुढे लागली. सहाजणांची टीम होती तुमची. तीन औंस तर तीन औंस, मांडायचे. बाकीचे पाचजण पावसात पाच तास बसले होते. आपल्याला लाज वाटते म्हणून दुसऱ्याचं नुकसान करू नये. ऑफिसातही तुझं असंच होतं असं सूनबाई बोलता बोलता म्हणाली (तिला काही बोलू नकोस). शिवाय एवढ्या पैशांच्या काठ्या घ्यायच्या, शनिवार-रविवार घराबाहेर राहायचं, छोटूचं पोहणं तिनेच बघायचं, आणि मग

माफ कर. हे लिहायचं नव्हतं. तू चाळिशीला आलास, घर चालवतोस, आईच्या गुडघ्याचा खर्च तूच केलास. तुझ्या छंदाचा हिशोब मी मागावा हे बरोबर नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मी छत्री धरून तुझ्या मागे बसलो होतो आणि मला आपला घाट दिसत होता. तू सात-आठ वर्षांचा, मामाने दिलेला गळ, तंगुसाला बांधलेली मोरपिसाची काडी, वाटीत कणकेच्या गोळ्या. बाकीची पोरं चिलापी धरून घरी जायची आणि तू दिवेलागणीपर्यंत पायरीवर. मी ड्यूटीवरून सायकलने थेट घाटावर यायचो. काही मिळालं का विचारलं की म्हणायचास, "उद्या." एकदाही रडला नाहीस. ट्रेंटच्या काठी तुझी पाठ अगदी तशीच दिसत होती, डाव्या खांद्यात थोडी वाकलेली. दर दोन मिनिटांनी सहा-सात अळ्या पाण्यात, पुन्हा काडीवर नजर. तुमच्या क्लबातले ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्याकडे बोट करून "डॅड?" म्हणाले, मी हो म्हटलं, तर त्यांनी तुझ्याकडे बघून मान डोलावली. त्यांची भाषा मला कळत नाही, पण ती मान कळली.

आता ओरडण्याचं. त्याशिवाय पत्र पुरं होत नाही.

तुमच्यात त्या लांब काठीला पोल म्हणतात. माझ्या तोंडी पोल म्हणजे खांब, म्हणून मी काठीच लिहितो. कार्बनची काठी. तेरा मीटरची पूर्ण जोडली तर. तू त्या दिवशी रागाने सामान आवरलंस आणि पाच तुकडे जोडलेले तसेच खांद्याला लावून, उभे धरून शेतातल्या पायवाटेने निघालास. पायवाटेवरून विजेची लाइन जात होती. लाकडी खांब, तीन तारा. मला कोणी सांगायची गरज नव्हती, ती 11 केव्हीच, म्हणजे अकरा हजार व्होल्टची. तिकडच्या नियमाने अशी तार जमिनीपासून किमान 5.2 मीटर असावी लागते असं मी नंतर वाचलं. तुझी काठी सात-आठ मीटर तरी होती. आणि 11 केव्हीला टेकावंच लागतं असं नाही, जवळ गेलं की ती उडी मारते. गाडीत तू म्हणालास, जागा तारांपासून तीस मीटर लांबच आखतात, नियम आहे. हो, जागा लांब असते. वाट नसते.

मी लाइनवरच्या नोकरीतलं घरी कधी सांगितलं नाही. आईलाही नाही. पण हे सांगतो. तू चौथीत असशील. एका मळ्यात विहिरीच्या मोटारीचा पाइप काढत होते, बाप आणि दोन मुलगे. लोखंडी पाइप, वीस फुटी. मोकळा झाला तसा तिघांनी मिळून उभा केला. वर बघितलं नाही. फीडर ट्रिप झाला, म्हणजे त्या लाइनची वीज आपोआप तुटली, म्हणून मी आणि हेल्पर लाइन बघत बघत तिथे पोचलो. लाइन बंद असल्याचं परमिट घेतलं, अर्थिंग केलं, मग त्यांना बाजूला घेतलं. बापाच्या हाताची मूठ पाइपावर तशीच होती. त्या दिवशी मी घाटावर आलो नाही, तू वाट बघून एकटा घरी आलास आणि माझ्यावर रुसलास. आठवतं का तुला?

आणि रविवारी तू एकटा चालत नव्हतास. सूनबाईने छोटूला गाडीतून उतरवलं तसा तो पळत येऊन तुझ्या मागे लागला होता. तुझं लक्ष नव्हतं. तुझ्या जॅकेटचं मागचं टोक त्याने मुठीत धरलेलं होतं. तारा तुझ्यापासून दहा पावलांवर. म्हणून मी ओरडलो. हळू आवाजात कसं सांगणार होतो? लोक बघत होते, तुझा चेहरा लाल झाला, ते सगळं मला दिसलं. तुला लाज वाटली याचं वाईट वाटतं. ओरडलो याचं वाटत नाही.

पुढची मॅच नोव्हेंबरात आहे ना, पुन्हा ट्रेंटवरच? तिथेच गेलास तर गाडी लावतोस तिथपासून पाण्यापर्यंतची वाट एकदा रिकाम्या हाताने चालून ये, वर बघत. काठीचे तुकडे सुटे करून, पिशवीत भरून, आडवी धर. जागा कुठली आली ते फोनवर सांग. आणि मासा लागो न लागो, या वेळी वजन करून घे, किती भरलं तेही मला कळव. पौंडातच सांग, ग्रॅम मी करून घेईन.

मामाने माळ्यावरून तुझा जुना गळ शोधून काढलाय. गंजलाय, पण मोरपिसाची काडी शाबूत आहे. ताई दिवाळीनंतर तिकडे येईल तेव्हा छोटूसाठी देतो तिच्याजवळ.

तुझा,
आप्पा